छोटं उदाहरण घेऊन या

हिशेबानं पाहिलं तर त्या दुपारी वैद्याला तिच्याकडून काहीएक मिळण्यासारखं नव्हतं. ती प्रश्न घेऊन आलीच नव्हती. ती आली होती मधमाशी पकडायला.

मधमाशी वाचनालयाच्या खिडकीवर डोकं आपटत होती. ग्रंथपाल काकूंनी (अख्खी संस्था त्यांना काकूच म्हणते) गच्चीवर फोन करून जरबेनं सांगितलं होतं, "तुमच्यातली एक इथे शिरलीय. घेऊन जा." ती लगेच जिना उतरून आली. अंगात पांढरा झगा, पाठीवर लोंबणारी जाळीची टोपी, कपड्यांना धुराचा आणि मेणाचा वास, हातात काचेचा पेला. खिडकीशी एक टेबल होतं आणि टेबलामागे एक माणूस. "जरा सरका हं," म्हणत तिनं त्याच्या खांद्यावरून हात लांब केला आणि पेला अलगद काचेवर पालथा घातला. मग त्याच्या समोरचाच एक कागद उचलून पेल्याखाली सरकवला.

"तो माझा कागद आहे," तो म्हणाला.

"आता तिचा आहे. गच्चीवर सोडली की आणून देते."

जाता जाता तिची नजर टेबलावरच्या पाटीवर गेली. *आर भाषेतल्या अडचणी. बुधवारी तीन ते पाच. छोटं उदाहरण घेऊन या.*

"आर म्हणजे… तेच ना, लाल अक्षरांत ओरडणारं?"

"तेच," तो म्हणाला. "कधीपासून ओरडतंय?"

याच वाक्यामुळे त्याचं नाव वैद्य पडलं होतं. खरं तर तो संख्याशास्त्राचा माणूस. संस्था झाडाझुडपांवर संशोधन करणारी. तिथे कुणी पानं मोजायचं, कुणी बिया, कुणी मुळांची लांबी, आणि सगळे ते आकडे आर नावाच्या संगणकाच्या भाषेत ओतायचे. ती भाषा काहीतरी लाल अक्षरांत सुनावून ते परत करायची. मग मंडळी पडलेल्या चेहऱ्यानं वैद्याच्या टेबलाशी रांग लावायची. तो आधी विचारायचा, कधीपासून होतंय. मग विचारायचा, त्याआधी काय केलं होतंत. औषध शेवटी.

म्हणजे बघा, तिला मिळण्यासारखं पुष्कळ होतं. गच्चीवरच्या मधमाश्यांच्या पेट्या तिच्या ताब्यात होत्या. प्रत्येक पेटीखाली वजनकाटा होता आणि तो दिवसरात्र वजनं पाठवत होता. त्या वजनांचा साठलेला ढीग तिला उपसता येत नव्हता. वैद्याला काय, तर एक रुग्ण जास्त. तसा तोही फायदाच म्हणायचा. वर्षअखेर संस्थेत सल्ला विभाग निघणार होता, त्याला प्रमुख लागणार होता, आणि ज्याच्या टेबलाशी गर्दी त्याचंच नाव पुढे, असं सगळेच धरून चालले होते.

तरीही ती जिन्याच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो बराच वेळ खिडकीच्या काचेकडे बघत राहिला. काच मोकळी होती. काकूंनी हे पाहिलं आणि मनात टिपून ठेवलं.

पुढच्या बुधवारी ती आली. कागद परत आणला होता. त्यावर मधाचा एक गोल डाग होता.

"पेल्याखालचा पाहुणचार," ती म्हणाली. "तर माझी अडचण अशी, की पेट्यांची वजनं…"

"थांबा. छोटं उदाहरण आणलंत?"

"म्हणजे काय असतं ते?"

"तुमचा सगळा ढीग माझ्यापुढे ओतायचा नाही. चार ओळींची खोटी माहिती बनवायची. मनचे आकडे घालायचे. पण अशी बनवायची की तीच चूक तिच्यातही व्हायला हवी. तेवढीच आणायची."

"खोटी माहिती? आणि संशोधन संस्थेत बसून उघड सांगताय?"

"माहिती खोटी, चूक खरी."

तिनं जरा विचार केला आणि खुदकन हसली. "बरंय की तुमचं. लोक खोटं बोलतात आणि तुम्हाला खरं कळतं."

त्या दिवशी तिनं तिथेच बसून उदाहरण बनवलं. तीन पेट्या, तीन वजनं, त्यातलं एक रिकामं. सरासरी विचारली तर आर म्हणायचं, माहीत नाही.

"आता बघा. एक वजन ठाऊक नाही, म्हणून सरासरीच सांगत नाही. एकीसाठी सगळ्यांना अडवून धरलंय! हा कुठला हट्ट?"

"हट्ट नाही, प्रामाणिकपणा आहे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतं. रिकाम्या जागा सोडून दे असं आपण सांगितलं, की सोडतं." त्यानं तिच्या हातून कळफलक न घेता फक्त कुठे काय लिहायचं ते बोटानं दाखवलं. सरासरी आली.

"सांगितल्याशिवाय सोडत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"चांगला स्वभाव आहे," ती म्हणाली, आणि हे भाषेबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, हे न सांगताच उठून गेली.

छोट्या उदाहरणाची एक गंमत असते, ती टेबलामागच्या माणसाला पक्की ठाऊक असते. ते बनवता बनवता निम्म्या लोकांना आपली चूक आपल्यालाच सापडते. मग ते येतच नाहीत. ज्या पाटीनं रुग्ण बोलवायचे तीच पाटी त्यांना घरच्या घरी बरं करते.

तिचंही तेच व्हायला लागलं. बुद्धीनं तल्लख, वर रोज पेट्यांपुढे तासन्‌तास बसायची सवय. मंगळवारी संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून उदाहरण बनवायला बसायची आणि भाजी गरम होईतो चूक सापडलेली असायची. मग ती ओठ चावून जरा वेळ स्क्रीनकडे बघायची… आणि सापडलेली चूक पुन्हा जागच्या जागी घालून ठेवायची.

तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले. बिघडलेलं यंत्र आणि बिघडवलेलं यंत्र यांतला फरक त्यांना लांबून कळतो. ते म्हणाले, "का गं, दर आठवड्याला वैद्याकडे नेतेस. संगणकाला बरं वाटत नाही, की तुला?"

"बाबा, जेवा तुम्ही."

"जेवतोय. नाडी कोण कुणाची बघतं, एवढंच विचारतोय."

उदाहरणांतली खोटी माहितीही हळूहळू रंगायला लागली. आधी पेटी एक, पेटी दोन असायचं. मग एका बुधवारी रकान्याचं नाव निघालं, 'वैद्य किती वेळा हसले'.

त्यानं ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "इथे शून्य लिहिलंय."

"खोटी माहिती आहे. मनचे आकडे."

"पण शून्य फारच… खोटं आहे."

"मग सुधारा ना," ती म्हणाली, आणि त्याला हसावंच लागलं. तिनं लगेच शून्याचा एक केला.

तो तिला राणीसाहेब म्हणू लागला होता. ती त्याला चारचौघांत वैद्यबुवा म्हणायची. तिच्या प्रश्नाची वेळ कशी कुणास ठाऊक, रांगेत शेवटी यायची. आणि इथे वैद्यबुवांच्या बाजूनंही लबाडी सुरू झाली, हे नमूद करायलाच हवं. पूर्वी तो सगळं औषध एकदम द्यायचा. तिला मात्र अर्धंच देऊ लागला. "आज एवढं करून बघा. उरलेलं पुढच्या बुधवारी." तिला उरलेलंही ठाऊक असायचं. तीही मान डोलवून म्हणायची, "बरं झालं बाई, एकदम सगळं डोक्यात शिरलं नसतं."

दोघंही एकमेकांना फसवत होते आणि दोघंही नफ्यात होते. असा व्यवहार काकूंनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. पुस्तकं परत घेता घेता त्या एकदा वैद्याला म्हणाल्या, "अरे, बिया मोजणाऱ्याला चुटकीसरशी बरं करतोस. हिचंच दुखणं बरं जुनाट झालंय."

"गुंतागुंतीचं आहे काकू."

"ते दिसतंयच मला."

इथवर कुणाचं काही गेलं नव्हतं. पण उन्हं तापली.

गच्चीवरच्या पेट्या उन्हानं पोळायला लागल्या. प्रवेशफटीशी मेलेल्या माश्या दिसू लागल्या. अशा दिवसांत पेट्या उघडायच्या नसतात, हलवायच्या नसतात. सावली करायची, पाणी ठेवायचं आणि वाट बघायची. वजनकाटे तेवढे वजनं पाठवत राहिले. एखाद्या दिवशी काटा बंद पडला की तो आकड्याच्या जागी 'नाही' असा शब्द लिहून मोकळा व्हायचा. आता तिच्या वाट्याला आलेला संगणक जुना, त्यावरचं आरही जुनं. त्या जुन्या आरची खोड अशी, की आकड्यांच्या रकान्यात एक जरी शब्द दिसला तर सगळा रकानाच शब्दांचा समजायचा. वजनांनाही शब्द समजायचं, आणि प्रत्येक वेगळ्या शब्दाला मनातल्या मनात एक क्रमांक देऊन ठेवायचं.

ही अडचण तिला खरोखर सुटली नाही. म्हणून त्या बुधवारी तिनं आणलेलं उदाहरण बनावट नव्हतं. फक्त ती घाईत होती. वजनं म्हणून तिनं सुचतील ते आकडे घातले होते: एक, दोन, तीन. आणि चौथ्या जागी 'नाही'.

"सरासरी मागितली की ओरडतं. म्हणतं, हे आकडेच नाहीत."

"आकडे कर असा हुकूम द्या," तो म्हणाला.

तिनं दिला. लाल अक्षरं गेली. पडद्यावर आलं: एक, दोन, तीन, चार.

"आहा! झालं की."

झालं नव्हतं. आरनं वजनं दिलीच नव्हती, आपले मनातले क्रमांक दिले होते. उदाहरणातली वजनं नेमकी एक, दोन, तीन होती आणि क्रमांकही तेच पडले, म्हणून खोटं खऱ्यासारखं दिसलं. पण चौथा आकडा पाहा. जिथे 'नाही' होतं तिथे चार कुठून आले? वैद्याला तो चार दिसला. तिला नाही दिसला, कारण ती त्याच्याकडे बघत होती.

औषध एका वाक्याचं होतं. आधी साधी अक्षरं करायची, मग आकडे करायचे. एवढं म्हणायला श्वाससुद्धा पुरा लागला नसता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, पाचला थोडाच वेळ होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. कपाळावर जाळीच्या टोपीची खूण उमटली होती.

"एक बारीकशी गोष्ट राहिलीय," तो म्हणाला. "पुढच्या बुधवारी."

"येईन," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी ती आली. पण त्या दिवशी तिच्या रकान्याचं नाव होतं, 'वैद्यबुवांनी राणीसाहेबांना चहाला कितीदा विचारलं'. आकडा शून्य.

त्यानं त्या शून्यावर बोट ठेवलं. मग कानापर्यंत लाल होत म्हणाला, "हेही… सुधारायचंय का?"

"माहिती तुमच्या हातात आहे."

खालच्या उपाहारगृहात त्यांनी चहा घेतला. तिनं सांगितलं, नवी राणी पेटीत ठेवली की तिला आधी जाळीच्या डबीत ठेवतात, म्हणजे माश्यांना तिच्या वासाची सवय होते. "एकदम सोडली तर मारून टाकतात."

"आणि सवय झाल्यावर?"

"डबीचं साखरेचं बूच स्वतःच कुरतडून बाहेर काढतात तिला." ती कपाच्या कडेवरून त्याच्याकडे बघत होती. "वेळ लागतो. पण काढतात."

जिना चढताना त्याला त्या बारीकशा गोष्टीची आठवण झाली. तो थांबलाही. पण ती एक पायरी वर उभी राहून हसत होती, तिचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या बरोबर समोर आले होते… आणि असल्या क्षणी 'आधी अक्षरं करा मग आकडे' असं कुठला माणूस म्हणेल? पुढच्या वेळी, त्यानं ठरवलं.

मध्ये अहवालाची तारीख आली. वजनांचा ढीग आता आरमधून सरळ वरपासून खालपर्यंत जात होता, एकही लाल अक्षर नव्हतं. संस्थेच्या नमुन्यात घट टक्क्यांत द्यायची असते, ती आरनं काढून दिली. उन्हाळ्यात पेट्यांचं वजन नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं.

तिनं तो आकडा पाहिला आणि संगणकापासून खुर्ची मागे सरकवली. तिला शंका यायला हवी होती. पण प्रवेशफटीशी मेलेल्या माश्या रोज झाडणारं माणूस मनात जे घोकत असतं, तेच समोर आलं होतं. भीतीला टक्केवारी मिळाली की तिच्याशी वाद घालायचं सुचत नाही. तिनं अहवाल पाठवला. त्या रात्री ती जेवली नाही, आणि बाबांनी थट्टा केली नाही.

संचालक बाई न्यायी होत्या, म्हणूनच निकाल झटपट लागला. गच्ची मधमाश्यांना मानवत नाही. पेट्या लांबच्या शेतकेंद्रावर हलवाव्यात. पेट्यांबरोबर त्या सांभाळणारीनंही तिकडेच जावं.

वैद्याला हे काकूंकडून कळलं. पुस्तकावर शिक्का मारता मारता त्या म्हणाल्या, "तुझी जुनाट रुग्ण चालली हो. पेट्या उपाशी मेल्या म्हणे. नव्वद टक्के वजन गेलं."

"किती?"

"नव्वद. अहवालात आलेख आहे, बघ की."

त्यानं आलेख पाहिला. रेषा वरून खाली पाय घसरल्यासारखी कोसळली होती. त्याला तो पडद्यावरचा चार आठवला, आणि तो उठला. बुधवार होता, साडेतीन वाजले होते, टेबलाशी रांग होती. मुळं मोजणारी बाई म्हणाली, "अहो, माझा नंबर…" तोवर तो जिन्यावर पोचलाही होता.

गच्चीवर ती पेट्यांना पट्टे बांधत होती. टोपीची जाळी खाली होती. आतला चेहरा दिसत नव्हता, पण नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "या टोकाला धरा. काट्यावरून खाली घ्यायचीय. सांभाळून, हलकी असेल. आत काही उरलंच नाहीये."

त्यानं वाकून पेटी धरली. तिनं पलीकडून धरली. उचलली. आणि पेटी जेमतेम वीतभर वर येऊन धाडकन परत काट्यावर बसली.

आतून मोठा, भरलेला गुणगुणाट उठला.

"ही… हलकी आहे?" त्यानं धापा टाकत विचारलं.

तिनं एकटीनंच पेटीची एक बाजू जरा उचलून पाहिली. मग पलीकडच्या पेटीची. मग तिसरीची. मग जाळी वर केली. डोळे लाल होते आणि त्यांत काहीतरी फार वेगानं जुळत होतं.

"वजन गेलेलंच नाही," ती म्हणाली. "थोडं असेल गेलं. पण मग नव्वद…"

"ती वजनं नव्हती. क्रमांक होते. आकडे कर म्हटलं की ते आतले क्रमांक देतं. तुमच्या उदाहरणात एक, दोन, तीन होतं म्हणून कळलं नाही. आधी अक्षरं करायची, मग आकडे." वाक्य इतकंच होतं. बोलून झाल्यावर गच्चीवर नुसता गुणगुणाट राहिला.

"ही ती बारीकशी गोष्ट?"

"हो."

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला दिसलं होतं."

"'नाही'च्या जागी चार आले होते. दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं उत्तर दिलं, पण ते स्वतःच्या बुटांना दिलं. "बोललो असतो तर तुमचं काम संपलं असतं. पुढच्या बुधवारी… आला नसता."

इथे एखादी विरघळली असती. ती विरघळली नाही. "माझ्या माश्या मेल्या असं मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं," ती हळू आवाजात म्हणाली. "गेले कितीतरी दिवस मी या पेट्यांजवळून जाताना त्यांच्याकडे बघत नव्हते. जिवंत होत्या हो त्या. आत भरलेल्या होत्या. आणि मी त्यांना पट्टे बांधत होते, कारण तुम्हाला बुधवार हवा होता."

"चुकलं माझं."

"तुमचं चुकलं नाही. चुकतं ते माझ्यासारख्यांचं. तुम्हाला येत होतं." तिनं जाळी खाली ओढली. "जा तुम्ही आता. रांग असेल खाली."

तो खाली गेला, पण रांगेकडे नाही. सरळ संचालक बाईंच्या खोलीत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. सुधारलेली वजनं त्यानं त्यांच्यासमोरच काढून दाखवली. पेट्या चौतीस किलोंच्या एकोणतीस झाल्या होत्या, उन्हाळ्यात होतातच तेवढ्या.

"चूक तिची. तुम्ही का धावत आलात?"

"चूक मला आधी दिसली होती. मी सांगितली नाही."

"का?"

"वेळ संपत आली होती."

"खरं कारण सांगा."

त्याची नजर टेबलावरच्या कागदावरून हलेना. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांना जे दिसायचं ते दिसलं. त्यांनी हलवण्याच्या आदेशावर आडवी रेघ मारली.

"पेट्या राहतील. त्या सांभाळणारीही राहील," त्या म्हणाल्या. "सल्ला विभागाचं मात्र दुसरं कुणीतरी बघावं लागेल. आजार दिसूनही जो पुढच्या खेपेची वाट बघतो, त्याला मी वैद्यांचा प्रमुख कसा करू? टेबल ठेवा तुमचं. ते तुम्ही चांगलं चालवता… सहसा."

"हो," तो म्हणाला. त्याला ते पटलं होतं, हीच पंचाईत.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. तो रांग संपल्यावरही बसून राहिला. त्यानं सगळ्यांना सगळं औषध एकदम दिलं होतं, काही जणांना तर न विचारलेलंही.

त्याच्या पुढच्या बुधवारीही पाच वाजले. काकूंनी खिडक्या लावायला घेतल्या. तेवढ्यात जिन्यावरून धुराचा आणि मेणाचा वास आला.

तिच्या हातात संगणक नव्हता. ती रुग्णाच्या खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"काकू सांगत होत्या," ती म्हणाली, "की विभाग गेला तुमचा. आणि बाईंना तुम्ही स्वतःहून सांगितलंत."

काकू खिडकीच्या कडीत फार गुंतल्या होत्या.

"खरं तेच सांगितलं."

"मलाही एक खरं सांगायचंय." तिनं मान खाली घातली. "मी आणलेल्या प्रश्नांतला तो एकच खरा होता. बाकी सगळे मला सुटलेले असायचे. मी पुन्हा बिघडवून आणायचे."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"इतक्या सुबक चुका आपोआप होत नाहीत," तो म्हणाला. "एक चूक तर तुम्ही इतकी नीट मांडली होती, की मी ती शिकवायला ठेवून दिली."

ती हसायचं नाही असं ठरवून आली होती. ते काही जमलं नाही.

"मग आज काय?" त्यानं विचारलं. "कधीपासून… होतंय?"

"त्या पेल्याच्या दिवसापासून."

"छोटं उदाहरण?"

तिनं मान हलवली. "बनवून पाहिलं. या आठवड्यातही आणि मागच्याही. याचं छोटं होत नाही. सगळा ढीगच आणावा लागला."

बाहेर कुठेतरी दार वाजलं. खिडकीची कडी आता पुरती लागली होती, तरी काकू तिच्यावरून हात काढेनात.

"पण एक अट," ती म्हणाली. "अर्धं औषध पुन्हा कधी नाही. दिसलं की सांगायचं. मला न आवडणारं असलं तरी."

"कबूल. तर मग एक दिसतंय."

"काय?"

"टोपीची जाळी पाठीमागे अडकलीय, आणि तिच्यात एक मधमाशी आहे."

तो पुढे झाला. त्याला वाटलं, ती करते तसं आपणही अलगद करू. त्यानं जाळीची घडी उलगडली, मधमाशी सुटली, आणि जिथे अलगदपणा मुळीच नव्हता त्या त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी तिनं नांगी रोवली.

"आई गं!"

"हलू नका… अरे, हलू नकोस म्हणते ना!" तिनं त्याचा हात स्वतःच्या हातात ओढून घेतला. "चिमटीत धरायचं नसतं. सगळं विष आत जातं. नखानं असं खरवडायचं… झालं. बघू. फार दुखतंय का तुला?"

तो 'तू' तिच्या तोंडून निघून गेला होता आणि परत घ्यायचा तिनं प्रयत्नही केला नाही. नांगी निघाली तरी हात सुटला नाही.

"दुखतंय," तो म्हणाला. "सगळं सांगायचं ठरलंय ना. फार दुखतंय. आणि तू हात सोडलास तर जास्त दुखेल."

"किती वेळ धरायचा असतो?"

"जुनाट आहे," तो म्हणाला. "वेळ लागेल."

काकूंनी दिवा मालवला, मग लक्षात येऊन परत लावला, आणि आपली पिशवी उचलून निघून गेल्या.

आता हिशेब. बाबांना रोज संध्याकाळी टोमणे मारायला हक्काचं माणूस मिळालं. संचालक बाईंना प्रामाणिक अहवाल मिळाला. काकूंना आपलं बरोबर होतं याचं समाधान मिळालं, आणि ते त्या आयुष्यभर पुरवून वापरतील. वैद्याचा विभाग गेला, पण बुधवार राहिले आणि बाकीचे वारही मिळाले. तिची लटकी अडचण गेली, त्या जागी एक जन्माची आली. जो तो काही ना काही देऊन, दिलं त्याहून जास्त घेऊन घरी गेला.

तेवढी खिडकीच्या चौकटीवर एक मधमाशी पडली होती. नांगी रोवली की ती जगत नाही. त्या सगळ्या व्यवहारात पुरतं देणं दिलं ते तिनं एकटीनं, आणि तिला तर यातलं काहीही नको होतं. तिला फक्त बाहेर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून तिला त्या मधाचा डाग पडलेल्या कागदावर अलगद घेतलं आणि गच्चीवर, तिच्या पेटीपाशी नेऊन ठेवलं.